गॅरेजातली हवेची लाइन

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, असं आमचे घरमालक म्हणत. दाब धरणारी आणि गळकी. मी कुठल्या प्रकारात मोडतो हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. अकोल्याहून बदली होऊन मी रायपूरला आलो होतो आणि समता कॉलनीत त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली पाहायला गेलो होतो. नळाला पाणी किती वेळ असतं हे विचारायचं सोडून मी त्यांना माझी बदली का झाली, साहेबांचं नि माझं काय वाजलं, जुन्या घरमालकाच्या सुनेचं काय चाललं होतं, हे सगळं ऐकवलं. ते एकटक माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, काय मन लावून ऐकतो हा माणूस.

"गळका हायेस तू," ते शेवटी म्हणाले. "पण राहा."

त्या घरात मी बरीच वर्षं राहिलो. त्यांना मी काकाजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकाजींची सगळी नोकरी रेल्वेत, गाड्यांच्या हवेच्या ब्रेकवर गेली. अख्ख्या गाडीखालून हवेचा पाइप जातो आणि तो कुठे फुसफुसत असेल तर गाडी हलवायची नाही, हे काम. काकाजी गाडीच्या बाजूने चालत जायचे आणि नुसत्या कानाने गळती धरायचे. यार्डात त्यांचं नावच 'कान' पडलं होतं. कुठे अडलं की लोक म्हणायचे, "कान को बुलाओ." ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की ती माझ्याच नोकरीतली असावी असं मला अधूनमधून वाटे.

रिटायर झाले तरी गळतीशी त्यांचं वैर संपलं नव्हतं. घरातला कुकर शिट्टी सोडून भलतीकडून वाफ टाकायला लागला तर काकाजी जेवणाचं ताट सरकवून उठत. गॅसची टोपी, नळाची तोटी, कूलरचा पाइप यांच्यावरून रोज संध्याकाळी त्यांचा हात फिरे. एकदा शेजाऱ्यांच्या अंगणातला ठिबकणारा नळ त्यांनी फाटकावरून हात घालून बंद केला. शेजारी त्या नळाखाली बादली लावून आंघोळीला बसायच्या तयारीत होते. काकाजी म्हणाले, "आंघोळ करा ना, पर गळू नका."

खिशात पैशाच्या पाकिटाऐवजी धाग्याची गुंडी. पाइपाच्या आट्यांवर गुंडाळायचा ताग. त्यावर सफेदा, म्हणजे पांढरा घट्ट लेप, फासला की जोड गळत नाही, अशी त्यांची श्रद्धा. सत्यनारायणाला बसतानासुद्धा ती गुंडी खिशात असे. अंगात रेल्वेचा निळा कोट, मे महिन्यातही. रायपूरच्या मे महिन्यात कोट घालणारा माणूस एक तर वकील असतो किंवा आमचे काकाजी.

आता मुद्द्याचं. काकाजींना ऐकू कमी येत होतं. हे काकूंना ठाऊक होतं, शंकर नगरला दिलेल्या त्यांच्या मुलीला ठाऊक होतं, दोन गल्ल्या सोडून असलेल्या कानाच्या डॉक्टरला ठाऊक होतं. काकाजींना ठाऊक नव्हतं. निदान तसं ते म्हणत. डॉक्टरने त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानात पीं-पीं वाजवलं आणि मशीन लावा म्हणून सांगितलं. काकाजी घरी येऊन म्हणाले, "पीं-पीं हा काही आवाज होय का? अशी गळती म्या आयुष्यात पाहिली नाई."

"मी हाक मारते त्याचं काय?" काकू म्हणाल्या.

"काय म्हणते?"

"तेच तं."

काकूंचा स्वभाव बोलका. बोलणं म्हणजे तरी काय, आज भाजीवाला काय म्हणाला, मावशीच्या गुडघ्याचं काय झालं, स्वप्नात कोण आलं होतं. पूर्वी म्हणे काकाजी कामावरून आले की तासभर हेच चाले. मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हापासून तर हाच एक श्रोता. एकदा मी दूध घेऊन खाली गेलो, तर काकू कणीक मळता मळता बोलत होत्या आणि काकाजी पाठ करून पेपर वाचत होते. काकू मध्येच थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या. "भिंतीशी बोलून राहिली मी. भिंत निदान पेपर तं वाचत नाई."

शेवटी मुलीने आईची बाजू घेतली. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. "पापा, सीधी बात करो. मशीन लगाओगे कि नहीं?"

त्यावर काकाजींनी शर्त घातली. घरी गॅरेज रिकामंच होतं. मोटार कधी आलीच नाही, एक स्कूटर आणि जुन्या रद्दीवर ते भागत होतं. त्या गॅरेजात ते हवेची लाइन टाकणार. कॉम्प्रेसर, भिंतीवरून पाइप, त्याला जोड, वळणं, तोट्या, सगळं. मुलीने त्यांच्या मागे कुठला तरी एक जोड किंचित ढिला करायचा. काकाजी लाइनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा चालणार आणि कानाने तो जोड धरणार. चुकले तर त्याच संध्याकाळी मशीन. धरला तर मशीन हा शब्द या घरात पुन्हा कोणी काढायचा नाही.

"मंजूर," मुलगी म्हणाली.

काकूंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला असा लागला की लाइन मी टाकावी. मी बीएस्सी होतो. दाब, आकारमान, तापमान यांचं सूत्र मला अजून पाठ होतं. पुढचा सगळा घोटाळा त्या सूत्रामुळे झाला.

बंद पडलेल्या एका पंक्चरच्या दुकानातून काकाजींनी कॉम्प्रेसर आणला. पाइप आणायचं काम माझ्याकडे. मी नळाचा पांढरा प्लास्टिकचा पाइप आणला. हलका, सरळ, दिसायला देखणा. म्हटलं, पाणी राहतं तर हवा का नाही राहणार, हवा तर पाण्यापेक्षा हलकी. काकाजी त्या दिवशी नातेवाइकांकडे पुरानी बस्तीत गेले होते. त्यांना परतल्यावर चकित करू म्हणून मी घाईघाईने अर्धी भिंत जोडली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. काटा चढत गेला. मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात आलो, हे माझ्या आईवडिलांचं पुण्य. गॅरेजात असा बार उडाला की शेजारचे आंघोळवाले गृहस्थ टॉवेलवर रस्त्यावर आले. पाइपाचे तुकडे सुरीसारखे दारात घुसले होते. स्कूटरच्या सीटमधून काथ्या बाहेर आला होता.

तेवढ्यात काकाजी फाटक उघडून आत आले. गर्दी पाहून म्हणाले, "काहून जमले सगळे? चहा हाये का?"

कोणी हसलं नाही. काकूंनी तोंडाला पदर लावला, तो हसू दाबायला होता की दुसरं काही दाबायला, ते मला त्या वेळी कळलं नाही.

काकाजींनी एक तुकडा उचलला, पाहिला आणि मला म्हणाले, "बाबू, पाणी दाबलं तं दबत नाई. हवा दबते, आन् मनात ठेवते. पाइप फुटला की सगळं एकदम काढते." मग ते माझ्याबरोबर आले आणि आम्ही लोखंडी पाइप आणला.

दुसऱ्या खेपेला मी लाइन अगदी सरळ बसवली. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध, केसभर इकडे नाही की तिकडे. भिंत तिरपी होती, गॅरेज तिरपं होतं, पण माझा पाइप सरळ. मी मुलीला मुद्दाम बोलावून दाखवला. ती ऑफिसला निघाली होती, इस्त्रीच्या पिवळ्या साडीत. मी म्हटलं, "दीदी, बघा, कसली हवा येते," आणि हवेची बंदूक दाबली. हवेच्या आधी पाणी आलं. गंजलेलं, चहाच्या रंगाचं. साडीवर डाव्या खांद्यापासून निऱ्यांपर्यंत नकाशा उमटला.

"भैया," ती शांतपणे म्हणाली, "आप रहने दो."

काकाजींना विलक्षण आनंद झाला. त्यांनी स्टूल मागवलं, त्यावर बसले आणि मला हवेबद्दल सांगितलं. हवा दाबली की तिच्यातली ओल पाणी होऊन पाइपात बसते. म्हणून लाइन सरळ ठेवायची नाही, कॉम्प्रेसरपासून पुढे थोडी उतरती ठेवायची, शेवटी पाणी काढायला एक तोटी द्यायची. आणि फाटा काढायचा तो पाइपाच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी खालून निघून जातं आणि वर नुसती हवा येते. "तुह्या सरळ पाइपात पाणी जाईन कुठं? बसते मग गंमत पाहत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की आपण चूक केली याचं मला बरंच वाटलं. मी पुढे काही प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं भलत्याच प्रश्नांना होती. पण उत्तरं छान होती.

तिसऱ्या खेपेला उतार बरोबर आला, पण सगळे जोड गळू लागले. सफेदा-धागा हा जुना प्रकार म्हणून मी पांढरी टेप वापरली होती आणि ती आट्यांच्या उलट्या दिशेने गुंडाळली होती. जोड आवळत गेलो तशी टेप सुटत गेली. हवा भरली तेव्हा गॅरेजात पिंजराभर साप सोडल्यासारखा आवाज झाला. काकाजी दारात उभे राहिले आणि मान डोलावून म्हणाले, "आलं ना आयकू. कोन म्हणते नाई येत?"

त्यांनी लगेच काकूंना हाक मारून ही बातमी दिली.

ते फिरायला गेल्यावर काकू गॅरेजात आल्या. स्वर खाली आणून म्हणाल्या, "असं फुसफुसलं तं बहिऱ्यालेबी आयकू येईन. तू यायच्याकडून हायेस का माह्याकडून?"

"काकू, मी कोणाकडूनच नाही. मला जमत नाहीये."

"मंग जमव."

मी जुन्या प्रकारावर आलो. काकाजींच्याच गुंडीतला धागा आणि सफेदा. प्रत्येक जोड उकलला, पुसला, पुन्हा आवळला. काकू भांड्यांच्या साबणाचा फेस वाटीत घेऊन माझ्यामागे फिरत होत्या. फेस लावायचा, बुडबुडा फुगला की जोड गळका. काकाजी घरी असते तर त्यांनी वाटी फेकून दिली असती. साबण लावून गळती शोधणं त्यांच्या मते कान नसलेल्या माणसाचं काम. हळूहळू बुडबुडे थांबले. काकूंनी शेवटच्या जोडावर फेस लावला, बराच वेळ वाट पाहिली आणि वाटी खाली ठेवली. मला काकूंसाठी वाईट वाटत होतं आणि काकाजींसाठीही. मी खरोखरच कोणाकडून होतो ते मला माहीत नव्हतं. त्या माणसाचा कान जावा असं मला वाटत नव्हतं. या बाईने भिंतीशी बोलावं असंही वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी मुलगी आली. काकाजींना बाहेर पाठवून तिने पान्याने खिडकीवरच्या वळणाचा जोड जेमतेम ढिला केला. मी कान लावला तेव्हा कुठे बारीक सुस्कारा ऐकू आला. टाकी भरून कॉम्प्रेसर बंद केला. पंखा बंद केला. काकाजी आत आले. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदा पाहिलं. खिशातून ओला रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, मग गाल पुन्हा नीट ओले केले. गरमी होती, कोणाला काही वाटलं नाही. आणि ते लाइनीकडे तोंड करून, खांद्याच्या उंचीवरच्या त्या पाइपाच्या अगदी जवळून, हळूहळू चालायला लागले.

मधल्या जोडापाशी ते जरा थांबले. मुलीने पाठीमागून विचारलं, "पापा, मिला क्या?" काकाजींनी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. काकाजी पुढे निघाले होते. खिडकीपाशी गेले, वळणाच्या पुढे गेले, मागे आले, गाल पाइपाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"इथं," ते म्हणाले.

मुलीने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "सही है, पापा." तिने वाकून नमस्कार केला, कारण हरल्यावर काय करायचं ते तिला दुसरं सुचलं नसावं. काकू आत निघून गेल्या.

मी मात्र त्या ओल्या गालाकडे बघत उभा होतो. ओल्या कातडीवर हवेची बारीक धार पडली की ती थंड लागते. हे बीएस्सीला नसतं, पण ताकाचा पेला तोंडाला लावून पंख्याखाली बसलेल्या कोणालाही माहीत असतं. मुलगी गेल्यावर मी त्यांच्या समोर जाऊन, तोंड नीट दिसेल असा उभा राहून विचारलं, "काकाजी, गाल काहून ओला केला?"

ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. "यार्डात इंजिनं आरडतात," ते म्हणाले. "तिथं कान कोनाचा चालते? गालच चालते. पयलेपासून. लोक कान म्हणत गेले, म्या म्हणू देल्लं." मग कोट अंगात घातला. "आता कानालेच मशीन लागली तं मंग मी कोन?"

"मी नाही सांगणार."

"तू सांगशीन," ते म्हणाले. "पर आज नको सांगू."

हे गुपित मी पोटात धरलं. मी वरच्या खोलीत जाऊन पंखा लावून पडलो आणि खाली उतरायचंच नाही असं ठरवलं. दुपारी काकू ताट घेऊन वर आल्या. "खरंच आयकलं का यायनं?" मी छताकडे पाहिलं. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं. काकू म्हणाल्या, "बरं. तुह्या तोंडावरून समजलं. यायले सांगू नको मले समजलं म्हणून." आता माझ्या पोटात दोन गुपितं झाली. जेवण काही गेलं नाही.

काकूंनी शर्त मोडली नाही. मशीन हा शब्द त्यांनी काढला नाही. पण त्याबरोबर बाकीचे शब्दही त्यांनी काढणं बंद केलं. रागाने नव्हे. चहा वेळेवर येई, पोळी गरम असे, कोटाचं तुटलेलं बटणही त्यांनी शिवून दिलं. फक्त भाजीवाला, मावशीचा गुडघा, स्वप्नं, सगळं थांबलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जिंकले ना ते. मंग बोलायचं कोनाशी?"

काही दिवस गेले. एका संध्याकाळी काकाजी जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत. खुर्चीवर बसले, गुंडी काढली, बोटांत फिरवली, परत खिशात ठेवली.

"एक विचारतो. काकू बोलून राहिली का रे आजकाल?"

मी मानेने नाही म्हटलं.

"मलेबी तसंच वाटलं. तिचं तोंड हलताना दिसत नाई." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आधी मी पेपर वाचू तं समजे का तिकडं काही चालू हाये. काय चालू हाये ते नाई समजे. पर चालू हाये हे समजे. आता लाइनीत हवाच नाई."

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. दाबाचं सूत्र सोडून काही आठवलं नाही, म्हणून मी गप्प बसलो. काकाजींनी ते माझ्या आयुष्यातलं पहिलं यश मानलं असावं. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर थाप दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, चल. डॉक्टरच्या दारात मला थांबवून म्हणाले, "मी हरून नाई आलो, हे ध्यानात ठेव."

"हव, काकाजी. जिंकून आलात."

"हव."

मशीन लावून घरी आलो तेव्हा काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी काकाजींच्या कानाकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. काकाजी सरळ गॅरेजात गेले. टाकी भरली, कॉम्प्रेसर बंद केला आणि लाइनीच्या बाजूने चालू लागले. रुमाल काढला नाही. दाराजवळच्या एका जोडापाशी थबकले. तो माझाच जोड होता, दरम्यान कधीतरी ढिला पडलेला. त्यांनी तिकडे कान फिरवला, मग दुसरा कान फिरवला आणि लहान पोट्ट्यासारखे हसले. मी धावत जाऊन पाना आणला. त्यांनी तो हातात घेतला आणि स्टुलावर ठेवून दिला.

"राहू दे. आयकू दे जराशी."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग, काकाजींकडे न बघता, जणू स्कूटरला सांगत असाव्यात अशा, हळू आवाजात म्हणाल्या, "मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

"कोनत्या पायाचं?" काकाजी म्हणाले.

काकू रद्दीच्या गठ्ठ्यावर बसल्या. मावशीचा गुडघा, मग मावशीची सून, मग सुनेच्या भावाने घेतलेली म्हैस, असं करत करत आवाज वाढत गेला. हात हलायला लागले. शिळ्या गोष्टी होत्या, मधल्या कधीतरीच्या, एकात एक गुंतलेल्या. काकाजी मान पुढे काढून ऐकत होते, कपाळाला आठ्या घालून. मग त्यांनी हात वर केला.

"थांब. दोन्ही आवाज एकदम येऊन राहिले."

काकू गप्प झाल्या. काकाजी टाकीपाशी गेले, तोटी बंद केली आणि लाइनीतली उरलेली हवा सोडून दिली. गॅरेज शांत झालं. परत येऊन ते काकूंच्या समोर, स्टुलावरचा पाना उचलून बसले.

"हां," ते म्हणाले. "आता पयलेपासून सांग."